चोवीस अक्षरांचं सर्किट

४ ऑक्टोबर

ती. आत्या,

नमस्कार. वाकून करणार होते, पण दिवसभर खुर्चीत बसून कंबरेचं लाकूड झालंय, तेव्हा बसल्या बसल्याच घे.

तू फोन कानाला लावत नाहीस म्हणून हे पत्र. बाबा म्हणतात, ट्रंक एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांची बोलणी कानात ओतून घेतलेल्या बाईला आता कुणाचंच ऐकायचं नसतं. मला तर पत्रच बरं वाटतं. ऑफिसातला मेल कोण कोण वाचतं देव जाणे, पोस्टाच्या पेटीत अजून कुणी डोकावत नाही.

बातमी अशी की तुझ्या भाचीनं परवा तिचं पहिलं मोठं सर्किट बांधलं. तू विचारशील, सर्किट म्हणजे काय, आणि बांधलं म्हणजे काय, गवंडी झालीस का? सांगते. आमच्याकडे कपाटाएवढी यंत्रं असतात. त्यांच्यामधून काचेच्या तारा गावोगाव गेलेल्या असतात आणि त्यांतून प्रकाश पळतो. एका गिऱ्हाइकाला त्या तारांमधून स्वतःचा असा एक रस्ता आखून द्यायचा, हे माझं काम. स्क्रीनवर भरायचं: सुरुवात कुठल्या कपाटातून, शेवट कुठल्या कपाटात, रुंदी किती, मुख्य रस्ता कुठला, तो तुटला तर दुसरा कुठला, आणि सर्किटचं नाव. बटण दाबलं की झालं.

आणि गिऱ्हाईक कोण माहितीये? रुग्णवाहिकांचं नियंत्रण केंद्र. जिथे लोक फोन करतात आणि जिथून गाड्या सुटतात, ते. त्यांना इथून थेट तुझ्या गावापर्यंत रस्ता हवाय. मुख्य रस्ता नदीकाठानं सत्त्याऐंशी किलोमीटर, दुसरा डोंगराकडून वळसा घालून एकशे बेचाळीस. शेवटचं कपाट तुझ्याच जुन्या एक्स्चेंजच्या इमारतीत आहे!

शेजारी एक ज्येष्ठ सहकारी बसतात. प्रत्येक गोष्टीला "सबुरीनं घ्या" म्हणतात म्हणून त्यांचं नाव सबुरी पडलंय. ते म्हणाले, "नाव नीट टाका हो, एकदा टाकलं की बदलत नाही. सर्किट मोडून पुन्हा बांधावं लागतं." मी दोनदा तपासून टाकलं.

काल दुसऱ्या रस्त्याच्या तपासणीचा कागद आला. एकही चूक नाही, एकही तुकडा हरवलेला नाही. ज्यानं सर्किट बांधलं त्यानं त्यावर सही करायची असते. साहेबांनी कागद समोर ठेवला, "होईल ना आज?" त्यांचं प्रत्येक वाक्य होईल नाहीतर होईल ना यावर संपतं. सही झाली की महिनाअखेर मला कायम करणार.

आणि आत्या, मी सही केली नाही. का ते मलाच कळत नाहीये. पोटात गोळा आलाय नुसता.

तुझी भिंगरी

९ ऑक्टोबर

भिंगरीस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

स्वतःला भाची म्हणवतेस होय गं मूर्ख मुली? माझ्या भावाची मुलगी तू, माझी भाचीच लागतेस, पण तुझ्या आजीनं असतं ऐकलं तर "बहिणीची असते ती भाची" म्हणून तासभर नात्यांचा वर्ग घेतला असता. मला चालतं. मला तुझ्या पोटातला गोळा चालत नाही.

काय गं हे? एकही चूक नाही, तर रडतेस कशाला? परीक्षेत पूर्ण गुण पडले तरी लहानपणी तू असाच चेहरा करून घरी यायचीस, आणि आम्हाला वाटायचं पोरगी नापास झाली. पहिलं मोठं काम आहे, हात थरथरतो, एवढंच. सही कर आणि मोकळी हो.

मुख्य रस्ता, दुसरा रस्ता हे मला समजलं. आमच्याकडेही असायचा. सरळ लाइन बंद पडली की तिसऱ्या गावावरून फिरवून बोलणं लावायचं. लोकांना वाटायचं जादू. जादू कसली, आमच्या नाकी नऊ आलेले असायचे.

कायम झालीस की मला कळव. तोवर गोळ्यावर ओवा खा.

तुझी आत्या

ता. क. माझ्या इमारतीत तुझं कपाट बसलंय हे मला आधी कुणी का सांगितलं नाही? तिथे मी होते तेव्हा साधी टाचणी आली तरी मला विचारून यायची.

१३ ऑक्टोबर

ती. आत्या,

ओवा खाल्ला. गोळा गेला नाही, कारण तो पोटात नव्हताच, कागदावर होता.

नीट वाच. तपासणीचं यंत्र इथून प्रकाशाचे तुकडे पाठवतं. पलीकडच्या टोकाला आमचा माणूस तार अशी जोडतो की ते तुकडे उलटे फिरून परत इथे येतात. त्याला लूप म्हणतात. किती गेले, किती आले, जाऊन यायला किती वेळ लागला, सगळं कागदावर छापून येतं. सगळे जण चुकांचा रकाना बघतात, तिथे शून्य दिसलं की खूश. वेळेचा रकाना कुणी बघत नाही. मीही बघितला नव्हता, पण माझ्या डोळ्यांनी बघितला असणार आणि मला सांगितलं नसणार.

प्रकाश कितीही पळाला तरी त्याला वेळ लागतोच. एकशे बेचाळीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. काचेतून त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जवळजवळ दीडपट वेळ लागला पाहिजे. कागदावर काय आहे? त्या हजाराव्या भागाचाही पन्नासावा हिस्सा. आत्या, एवढ्या वेळात प्रकाश तुझ्या गावाला जाऊन येऊ शकत नाही. आमच्या गल्लीतून मुख्य रस्त्यालासुद्धा जेमतेम जाऊन येईल.

म्हणजे लूप पलीकडे नव्हताच. तो इथेच, आमच्याच खोलीत, आमच्याच कपाटावर लावलेला होता. यंत्रानं हाक मारली आणि स्वतःचीच हाक ऐकून "ठीक, ठीक" म्हणालं. चुका शून्य येणारच! तार वाटेत तुटलेली असली, उंदरांनी खाल्लेली असली, जोडलेलीच नसली, तरी शून्यच.

मी साहेबांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "यंत्र कधीकधी वेळ चुकीचा दाखवतं. होईल, होईल." मी म्हटलं, मुख्य रस्त्याचा वेळ तर बरोबर दाखवलाय त्यानंच. तर म्हणाले, "मुख्य रस्ता आहे ना बरोबर? मग?"

मग हे, की एक नोव्हेंबरला ते केंद्र आपली जुनी लाइन काढून टाकणार आहे. कारण आम्ही त्यांना सांगितलंय की तुम्हाला आता दोन रस्ते आहेत.

तुझ्यासाठी काम आहे. कपाटाची खोली काचेच्या दाराची आहे असं नकाशावर दिसतंय. फक्त बाहेरून बघ. वरून तिसऱ्या ओळीत, उजवीकडच्या शेवटच्या भोकात पिवळी दोरी जाते का? हात लावू नकोस.

भिंगरी

१७ ऑक्टोबर

भिंगरे,

सही कर म्हणाले होते ते मागे घेते. करशील तर तंगडं मोडून हातात देईन.

गेले होते. काचेचं दार आहे, पण काचेवर आतून वर्तमानपत्र चिकटवलंय, ऊन येतं म्हणे. तेव्हा आत जावंच लागलं. किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस माझ्या वेळी इथे शिपाई म्हणून लागला होता, आता केस पांढरे झालेत, पण मी दारात उभी राहिले तर खुर्चीवरून ताडकन उठला. म्हणाला, "बाई, रजिस्टर आणू?" मी म्हटलं, रजिस्टर नको, किल्ली आण. तो दारात उभा राहिला आणि मी आत गेले. हात पाठीमागे बांधले होते, म्हणजे लावायचा मोह व्हायला नको.

वरून तिसरी ओळ. उजवीकडचं शेवटचं भोक. त्यावर काळं रबरी टोपण आहे. कारखान्यातून येतं तसं, अजून काढलेलंच नाही. पिवळी दोरी कपाटाच्या तळाशी आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, गुंडाळून, वर रबरबँड लावलेलं. पिशवी फोडलेलीसुद्धा नाही. पिशवीवर धूळ आहे, टोपणावर धूळ आहे. किल्लीवाला म्हणतो, कपाट ठेवून गेल्यापासून दोन महिन्यांत इकडे कुणी फिरकलेलं नाही.

मी चित्र काढून पाठवतेय. मला चित्र येत नाही, पण टोपण म्हणजे टोपणच दिसतंय. खाली तारीख, वेळ, माझं नाव आणि किल्लीवाल्याची सही घेतली आहे. तो म्हणाला, "मला कशाला मधे घेता बाई?" मी म्हटलं, तू मधे नाहीस, दारात आहेस, दारातूनच सही कर.

गेल्या महिन्यात माझ्या शेजारणीच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्याच केंद्राला फोन केला होता. गाडी आली. फोन लागला म्हणून आली. माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला निघालेत का हे?

आता काय करणार आहेस ते कळव. लवकर.

आत्या

२१ ऑक्टोबर

ती. आत्या,

तुझं चित्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. आधी हसले, मग वाचलं, मग उठून दार लावलं.

आता कबूल करतात. तिथे जोडायचा एक भाग उशिरा येतोय, दोन महिने लागतील. केंद्राला तारीख दिलेली, ती चुकली तर आपलं नाक कापलं जाईल. "दोन महिन्यांचाच प्रश्न आहे. दोन महिन्यांत काय होणारे? भाग आला की गुपचूप जोडू, कुणाला कळणारही नाही." मी म्हटलं, मग कागदावर लिहू या, दुसरा रस्ता दोन महिन्यांनी. ते म्हणाले, "तुम्ही लिहिण्यासाठी नाही, सही करण्यासाठी आहात."

हे वाक्य त्यांनी जसंच्या तसं म्हटलं. मी घरी येईपर्यंत ते माझ्या डोक्यात घुमत होतं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

सबुरींना सांगितलं तर म्हणाले, सबुरीनं घ्या. नंतर हळूच म्हणाले, "मीही केल्यात अशा सह्या. कधी काही झालं नाही." त्यांचा हात टेबलावर पेनाशी खेळत होता आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

खरा धक्का घरी. बाबांना वाटतंय मी वेडी झालेय. "वर्षभर राबलीस, दहा दिवसांवर कायम होणं आलंय, आणि एका टोपणापायी लाथ मारतेस?" मी ऐकेना, तर पानावरून उठले. उठता उठता म्हणाले, "तुझ्या आत्यासारखं करू नकोस."

आत्यानं काय केलं होतं, असं विचारलं तर आई भांडी आवरायला लागली.

तुला तर बढती मिळाली म्हणून तू त्या गावी गेलीस ना? आम्ही लहानपणापासून तेच ऐकत आलोय. काय केलं होतंस तू?

सही पंचवीस तारखेपर्यंत हवीय. मग केंद्राचे लोक सत्तावीसला बघायला येणार.

भिंगरी

२३ ऑक्टोबर, जलद टपाल

भिंगरे,

पंचवीसच्या आत पोहोचावं म्हणून हे पोस्टातच उभी राहून लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

बढती-बिढती काही नव्हती. मला इथे फेकलं होतं.

एका दुपारी आमची एक लाइन चार तास बंद होती. दुरुस्तीवाला जेवून झोपला होता, हे सगळ्यांना माहीत. तेवढ्या वेळात बोलणं मागणाऱ्या बावीस जणांना आम्ही "थांबा, लावते" म्हणत बसलो. संध्याकाळी पर्यवेक्षक आला आणि म्हणाला, रजिस्टरात बावीसही जणांपुढे लिहा, "ग्राहकाने कॉल रद्द केला." म्हणजे दोष लाइनचा नाही, लोकांनाच बोलायचं नव्हतं! बाकीच्या दोघींनी लिहिलं. माझ्या वाट्याला सात नावं होती. त्यांतला एक माणूस डॉक्टर मागत होता बायकोसाठी, दर दहा मिनिटांनी, आणि शेवटी शेवटी माझी क्षमा मागून मागत होता, त्रास देतो बाई म्हणून. त्याच्यापुढे मी लिहू की त्यानंच रद्द केला?

मी सातही जणांपुढे लिहिलं, "लाइन बंद." शाईनं.

तुझा बाप तेव्हा त्याच खात्यात नुकता चिकटला होता. पर्यवेक्षकानं त्यालाच माझ्याकडे पाठवलं. आला, आणि म्हणाला, "ताई, दोन शब्दांचा तर प्रश्न आहे. बदल ना. माझ्या नोकरीवर येईल." तो घाबरला होता. बावीस वर्षांचं पोर. मी त्याला म्हटलं, तुझ्यावर येऊ देणार नाही, पण शब्द बदलणार नाही. महिन्याभरात मी इथे. घरी त्यानंच सांगितलं बढती म्हणून, आणि मी खोडून काढलं नाही. तेवढं एक खोटं मी चालवून घेतलं, कारण ते त्याच्यासाठी होतं.

त्या माणसाच्या बायकोचं काय झालं मला माहीत नाही. विचारशील म्हणून सांगते, मी शोधलं, मला सापडलं नाही.

मला पश्चात्ताप झाला का? पहिली दोन वर्षं रोज झाला. तेव्हा लग्नाचं एक चाललं होतं, तेही बारगळलं. मी तुला फुकट शूर बनवणार नाही. महाग पडतं हे. पण सही करून रोज त्या स्क्रीनसमोर बसायचं हे तुला झेपणार आहे का, ते तूच बघ. मला नसतं झेपलं.

तुझ्या बापाला वेगळं पत्र टाकलंय. त्यात काय आहे ते विचारू नकोस.

आत्या

२८ ऑक्टोबर

आत्या,

आधी बस. खुर्चीत बस, मग वाच.

तुझं पत्र पंचवीसला सकाळी मिळालं. मी ते तीनदा वाचलं आणि ऑफिसला गेले. साहेबांना सांगितलं, सही करत नाही. ते म्हणाले, नका करू, मी सबुरींकडून घेतो, "होईल." सबुरी मान खाली घालून बसले होते.

सही दुसऱ्या कुणाची चालते हे मला माहीतच नव्हतं! म्हणजे मी नकार दिला काय आणि गप्प बसले काय, कागद जाणारच होता. मग मला तुझी शाई आठवली आणि वाटलं, माझं रजिस्टर कुठाय?

तर ते होतं, माझ्यासमोरच. सर्किटचं नाव. आत्या, हे नाव फक्त आम्हालाच नाही, गिऱ्हाइकालाही दिसतं. त्यांच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, हिरव्या दिव्याशेजारी, चोवीस तास. आणि ते कुणालाही गुपचूप बदलता येत नाही. मोडून पुन्हा बांधलं की नवी तपासणी आणि नवा कागद काढावाच लागतो, यंत्रच अडवतं.

अजून सर्किट केंद्राच्या ताब्यात दिलेलं नव्हतं, त्यातून काही जात नव्हतं, म्हणजे कुणाचं नुकसान नव्हतं. मी ते मोडलं. पुन्हा बांधलं. तीच कपाटं, तीच रुंदी, तेच रस्ते. नावाला बत्तीस अक्षरांची मर्यादा आहे. अक्षरं इंग्रजीच चालतात, पण भाषा कुठली ते यंत्र विचारत नाही. मधल्या रेघा धरून माझी चोवीस झाली:

DUSRA-RASTA-JODLELA-NAHI

बटण दाबलं. माझ्या कपाळावर घाम होता आणि मला हसू येत होतं.

सत्तावीसला सकाळी केंद्राच्या प्रमुख बाई आल्या. बुटक्या, चष्मा डोक्यावर ढकललेला, हातात वही. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "आमच्या पडद्यावर हे काय नाव आलंय? माझी माणसं कालपासून मला विचारताहेत."

साहेबांना तेव्हाच कळलं. त्यांचा चेहरा बघण्यासाठी मी वर्षभराचा पगार दिला असता, आणि तसा तो दिलाच म्हण. म्हणाले, "नवीन मुलगी आहे. टाइप करताना गडबड झाली."

बाई माझ्याकडे वळल्या. "गडबड झाली का हो?"

मी म्हटलं, "नाही. मुद्दाम टाकलंय. दुसरा रस्ता जोडलेला नाही." आणि वेळेचा रकाना दाखवून लूप कुठे होता ते सांगितलं, तुझं चित्र दाखवलं.

त्यांनी चष्मा खाली घेतला. चित्राखालची तारीख आणि सही वाचली. "म्हणजे तुम्ही तुमच्याच खोलीत हाक मारलीत आणि तुम्हीच ओ दिलीत?"

"हो."

"हे टोपण काढलं ना, कुणीतरी जाऊन?"

"नाही."

मग त्यांनी साहेबांकडे बघितलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "माझ्याकडे दिवसाला चारशे फोन येतात. जुनी लाइन मी काढत नाही. आणि का काढत नाही, ते तुमच्या वरच्यांना मी लेखी कळवते." वही मिटली आणि गेल्या.

दुपारी साहेबांनी बोलावलं. पुढे एक कागद, एकच ओळ टाइप केलेली: "सर्किटचे नाव माझ्याकडून अनवधानाने चुकीचे टाकले गेले." खाली माझं नाव. म्हणाले, एवढी सही करा, एकतीसला कायम. नाहीतर एकतीस शेवटचा दिवस.

दोन शब्दांचा तर प्रश्न होता, नाही का आत्या?

मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, "नाव बरोबर आहे." सही करून परत दिला.

तुझीच भिंगरी

३१ ऑक्टोबर

भिंगरे,

शेजारणीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, ही पोरगी घरात नको बाई. मी म्हटलं, आमच्याच घरात आहे.

आज सकाळी इथे धावपळ उडाली. वरून कुणीतरी ओरडलं असणार, कारण जो भाग यायला दोन महिने लागणार होते तो चार दिवसांत आला. दोन माणसं गाडीतून उतरली, दम लागलेला. मी किल्लीवाल्याबरोबर दारातच होते. एकानं विचारलं, "आजी, तुम्ही कोण?" मी म्हटलं, मी इथली टाचणी सांभाळायचे. त्याला काही कळलं नाही. पण टोपण माझ्यादेखत काढलं, पिशवी माझ्यादेखत फोडली, दोरी माझ्यादेखत लावली. टक् असा आवाज येतो.

नोकरीचं वाईट वाटतंय का? वाटू दे. रडायचं तर रड, लपवू नकोस. माझ्याकडे ये. दार उघडंच आहे.

आत्या

१ नोव्हेंबर

ती. आत्या,

तुझं पत्र वाटेत असेल, आलं नाही अजून. पण कालचं लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

काल शेवटचा दिवस. दुपारी खबर आली, तुमच्याकडचं टोक जोडलं. नवी तपासणी लावली. मी स्वतः आधी वेळेचा रकाना बघितला. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या एक पूर्णांक त्रेचाळीस पट. आत्या, तो प्रकाश तुझ्या गावाला जाऊन आला होता! मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या. सबुरीही आले बघायला. वाकून तो आकडा वाचला आणि म्हणाले, "बरोबर आहे." पंचवीसला साहेबांनी त्यांच्यापुढे तो पहिला कागद ठेवला होता, आणि तो त्यांनी तसाच खणात ठेवून दिला, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. सही केली नव्हती त्यांनी. सबुरीनं घेतलं होतं म्हणे.

साडेचारला साहेब नवा कागद घेऊन आले. "आता तरी होईल ना सही?"

आणि मी म्हटलं, नाही.

त्यांना वाटलं मी सूड घेतेय. मी म्हटलं, नाव बघा. नाव आता खोटं झालंय. रस्ता जोडलेला आहे आणि पडद्यावर मी लिहिलंय की नाही. ते बदलायला सर्किट मोडून पुन्हा बांधायचं, पुन्हा दोन तास तपासायचं. ते म्हणाले, "साडेपाचला तुमची वेळ संपते." मी म्हटलं, माहितीये.

मोडलं, बांधलं. या वेळी साधं नाव, नुसता क्रमांक. साडेपाचला शिपायानं माझं ओळखपत्र मागून घेतलं आणि मी बसूनच राहिले. साडेसातला तपासणी संपली. एक पूर्णांक त्रेचाळीस. शून्य चुका.

मी पेन उघडलं, तर साहेब म्हणाले, "तुमची सही चालणार नाही. साडेपाचपासून तुम्ही इथल्या नाही."

मी म्हटलं, "मग तुम्ही करा."

सबुरी घरी गेले होते. खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी पेन हातात घेतलं आणि थांबले. मग खुर्ची ओढून बसले, आणि आत्या, त्यांनी तो कागद वाचला. पहिल्या ओळीपासून. वेळेच्या रकान्यावर बोट ठेवून मला विचारलं, "हे एवढं बरोबर आहे ना?"

"काढून बघा," मी म्हटलं. "एकशे बेचाळीस दुणे."

त्यांनी कागदाच्या कडेला गुणाकार मांडला, भागाकार केला, एकदा चुकले, खोडून परत केला. उत्तर जुळल्यावर सही केली. त्यांच्या नावानं. वर्षभरात त्यांची सही मी पहिल्यांदा बघितली.

मी घरी आले तर बाबा माझी वाट बघत बसले होते. मी म्हटलं, नोकरी गेली. म्हणाले, कळलं. कोपऱ्यात त्यांची प्रवासाची पिशवी भरून ठेवलेली. मी विचारलं, कुठे निघालात? म्हणाले, "ताईकडे. उद्याची पहिली बस. तूही चल." मी म्हटलं, तुम्हाला तिनं काय लिहिलंय? तर म्हणाले, "काही नाही. पाकिटावर नुसतं माझं नाव आणि पत्ता. आत कोरा कागद होता."

मग चष्मा पुसत बसले. म्हणाले, "काय लिहायचं ते मलाच लिहायचंय त्यावर. पण टपालानं नको वाटतंय."

हे पत्र तुला आमच्या नंतरच मिळेल. तरी पेटीत टाकतेच आहे.

भिंगरी